मणक्याच्या फ्युजननंतर फिरायला निघताय? झुलत्या पुलापेक्षा गाडीच्या सीटवर जपा

गोकाकचा धबधबा बघायला गेलो तेव्हा माझ्या ऑपरेशनला तेरावा आठवडा चालू होता. कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्याचं फ्युजन, म्हणजे दोन मणके एकमेकांना कायमचे जोडणं; चार स्क्रू, दोन रॉड. घरातल्या सगळ्यांची धास्ती एकच, झुलता पूल. "पुलावर पाय ठेवायचा नाहीस," असं नवऱ्याने बेळगाव सोडायच्या आधीच तीनदा बजावलं होतं. मी ठेवलाही नाही. अलीकडच्या काठावर उभी राहून घटप्रभेचं ते ५२ मीटर खाली कोसळणारं गढूळ पाणी पाहिलं, भाजलेलं कणीस खाल्लं, गाडीत येऊन बसले. आणि पाण्याची बाटली घरंगळत सीटखाली गेली.

डावा हात आपसूक खाली गेला. कंबर वाकलेली आणि वर पिळलेली. कळ थेट टाचेपर्यंत. दोन सेकंदांच्या कामाचे तीन दिवस अंथरुणात काढले. सर्जनना फोन, एक्स-रे, मग "स्क्रू जागेवर आहेत" हे ऐकून सुटकेचा श्वास.

घाट, पूल, पायऱ्या यांना आपण घाबरतो, म्हणून तिथे जपतोही. घात होतो तो चप्पल शोधताना, डिकीतून पिशवी काढताना, मावशीच्या पाया पडताना. त्यामुळे खालच्या चुका मोठ्या साहसाच्या नाहीत. मी डॉक्टर नाही, आणि प्रत्येकाचं ऑपरेशन वेगळं असतं. तुमच्या सर्जननी घातलेला नियम माझ्या अनुभवाच्या वर धरा.

टाके निघाले म्हणजे पाठ बरी झाली

टाके दहा-पंधरा दिवसांत निघतात. जुळते ती कातडी. आतलं हाड जुळायला साधारण तीन ते सहा महिने लागतात, आणि पुरतं पक्कं व्हायला कधी वर्षही जातं. घर बांधलेल्या माणसाला हे एका वाक्यात समजतं: स्क्रू-रॉड म्हणजे सेंट्रिंग, स्लॅब पक्का होईपर्यंतचा आधार, आणि मधे भरलेलं हाड म्हणजे स्लॅब. स्लॅब वरून कडक दिसला म्हणून कुणी चौथ्या दिवशी त्यावर विटांचा ट्रक रिकामा करत नाही.

म्हणून सहलीची तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका, तपासणी बघून ठरवा. माझ्या बाबतीत सहा आठवड्यांचा आणि तीन महिन्यांचा एक्स-रे झाल्यावरच गावाबाहेर जायची परवानगी मिळाली. विचारताना "फिरायला जाऊ का?" असं मोघम विचारू नका. किती वेळ सलग बसायचं, किती किलो उचलायचं, पायऱ्या चालतील का, पाण्यात उतरायचं का, गाडी स्वतः चालवायची का, असे पाच प्रश्न कागदावर लिहून न्या. गुंगी आणणाऱ्या वेदनाशामक गोळ्या चालू असताना स्टिअरिंगला हात लावायचाच नाही.

कमरेच्या पट्ट्याचीही गंमत होते. पट्टा बांधला की अंगात बळ आल्यासारखं वाटतं. पट्टा न वाकायची आठवण करून देतो, थोडा आधार देतो. तो बांधून सुटकेस उचलायची मुभा मिळत नाही.

आधी ठिकाण ठरवलं, मग पाठीचा विचार केला

आपल्याकडे बेत असा होतो: "रविवारी आंबोली, येताना जमलं तर सावंतवाडी." पाठीचा बेत उलटा करावा लागतो. मी सलग किती वेळ बसू शकते? घरी खुर्चीत घड्याळ लावून बघा. पस्तीस मिनिटांनी चुळबूळ सुरू होत असेल तर तुमचा टप्पा तीस मिनिटांचा. मग त्या टप्प्यांनी रस्ता मोजा.

निपाणीला भाचीच्या साखरपुड्याला गेलो तेव्हा आम्ही असंच केलं. हत्तरगीच्या टोलनाक्यापुढे गाडी बाजूला घेऊन पाच मिनिटं चालणं, संकेश्वरात चहा, तवंदी घाटाच्या अलीकडे पुन्हा उतरणं. महामार्ग सरळ असल्यामुळे पाठ कुरकुरली नाही. चोर्ला घाटाचं मात्र वेगळं आहे. खड्ड्यांची भीती सगळ्यांनाच असते, पण नुसती वळणंही दमवतात. प्रत्येक वळणाला अंग एका बाजूला झुकतं आणि पाठीचे स्नायू ते सावरत राहतात. तास-दीड तास तसं सावरून माणूस गोव्यात पोचतो तेव्हा किनारा बघण्याऐवजी पलंग शोधतो.

पहिल्या वर्षी गोव्याला जायचंच असेल तर माझं मत रेल्वेला. बेळगावहून लोंडा, कॅसलरॉकमार्गे गाडी उतरते, दूधसागर खिडकीतून दिसतो, मधे उठून डब्यात चार पावलं टाकता येतात, खालचा बर्थ असला तर आडवंही होता येतं. फक्त डब्यात चढताना दांडी धरायला दोन्ही हात मोकळे हवेत, आणि सामान दुसऱ्याच्या हातात.

एसटी असो की कर्नाटकची लाल बस, मागची सीट नको. मागच्या चाकांच्या वर आणि त्याही मागे दणके सर्वांत जास्त बसतात. पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मधली सीट मागा. न लाजता मागा. चार टाके दाखवायची वेळ येत नाही, पट्टा बघून लोक स्वतःच उठतात. दुचाकीवर मागे बसून "इथंच तर जायचंय" हा विषयच नको.

गाडीत पाय आधी घालणं

एक पाय आत, मग डोकं, मग कंबर पिळून बूड टेकवायचं, अशी आपली जन्माची सवय. ती सोडा. सीट पूर्ण मागे सरकवा, पाठीचा भाग किंचित कलता ठेवा. सीटकडे पाठ करून उभ्या राहा, आधी बसा, मग दोन्ही पाय एकत्र उचलून अंगासकट आत वळा. उतरताना हेच उलट. सीटवर प्लास्टिकची पिशवी पसरली की वळायला सोपं जातं. वळून झालं की ती काढून टाका, नाहीतर ब्रेकला माणूस पुढे घसरतो. (शहापुरी साडी नेसलेली असली तर पिशवीचीही गरज पडत नाही, हे मी साखरपुड्याला जाताना शिकले.) कमरेच्या खोलगट भागात गुंडाळलेला टॉवेल. सीटबेल्टची खालची पट्टी ओटीपोटाच्या खाली, मांड्यांलगत.

बाटली, चष्मा, मोबाइल यांना एक झोळी, आणि ती हाताच्या उंचीवर टांगलेली. खाली पडलेली वस्तू तुमची नाहीच असं समजा. सर्जिकल दुकानात लांब दांड्याचा चिमटा मिळतो, तो घ्या. मुलगा त्याला माकडाचा हात म्हणतो. म्हणू दे.

पाणी न पिता प्रवास

याबद्दल कुणी बोलत नाही. बायका तर नाहीच. वाटेतल्या मुताऱ्यांची अवस्था माहीत असते, म्हणून सकाळपासून पाणी तोडायचं. त्याने तीन गोष्टी होतात. वेदनाशामक गोळ्यांनी आधीच बद्धकोष्ठ झालेलं असतं, ते वाढतं. कुंथताना कमरेवर येणारा ताण ऑपरेशन झालेल्यालाच कळतो. बसून बसून पोटरीत रक्त साकळायचा धोका वाढतो. आणि अंगात पाणी नसलं की डोकं भणभणून उभ्या उभ्या तोल जातो.

दुसरा अडथळा देशी संडासाचा. नातेवाइकांकडे, देवस्थानच्या यात्री निवासात, खेड्यातल्या घरात उकिडवं बसायचीच सोय असते. सुरुवातीच्या महिन्यांत तसं खोल बसणं आणि धरायला काही नसताना उठणं, दोन्ही अवघड. घडीची कमोड खुर्ची डिकीत टाका. मला आधी लाज वाटली. मावशीच्या घरी ती खुर्ची बघून मावशीच म्हणाली, "बरं झालं आणलीस, माझ्या गुडघ्यांला पण चार दिवस आराम." जाताना खुर्ची तिथेच ठेवून आले.

लॉजची खोली ठरवताना धबधबा दिसतो का हे नंतर विचारा. कमोड आहे का, खोली तळमजल्यावर आहे का, पलंग गुडघ्याइतका उंच आहे का, हे आधी. जमिनीवरच्या गादीवरून उठणं हा वेगळाच व्यायाम आहे. पलंगावरून उठतानाही कुशीवर वळायचं, पाय खाली सोडायचे आणि हाताने रेटा देत बसायचं. सरळ उताणं उठायचं नाही.

"वाकून नमस्कार कर गं"

सीमाभागात एका घरात शिरलं की किमान सात जणांच्या पाया पडायचं असतं. सात वेळा कंबरेतून वाकणं. दारातच हात जोडून मोठ्याने सांगून टाका, "ऑपरेशन झालंय, उभ्यानंच नमस्कार करते." कुणी रागावत नाही. उलट प्रत्येकाच्या ओळखीत कुणाचं तरी मणक्याचं ऑपरेशन झालेलं निघतं आणि अर्धा तास तीच चर्चा. त्यातूनच पुढचा सल्ला येतो: "आमच्या गावात एक जण हाडं बसवतो, काय बी होत नाही, पाच मिंटाचं काम." त्या पाच मिनिटांसाठी जाऊ नका. जुळत आलेल्या मणक्यावर तेल लावून चोळणं, पाय ओढणं, पाठ कडकड मोडणं हे जोखमीचं आहे.

करदंट या गोकाकच्या मिठाईतल्या डिंकाने हाड लवकर जुळतं, हेही ऐकाल. करदंट जरूर खा, मधुमेह नसेल तर. पण तो औषध म्हणून नव्हे, करदंट म्हणून.

पंगतीत मांडी घालून बसू नका, खुर्ची मागा. कडेवर नातू नको; तो खाली बसलेल्या तुमच्याकडे येऊ दे. सुरुवातीला चार-पाच किलोंच्या वर उचलू नका असं बहुतेकांना सांगितलेलं असतं, आणि दोन वर्षांचं पोर त्याच्या दुपटीहून जड भरतं.

बिडी सोडली, मशेरी ठेवली

निपाणी भागात तंबाखू शेतात आहे तशी घरातही आहे. ऑपरेशनच्या वेळी पुरुष सिगारेट-बिडी सोडतात आणि सहलीत चार मित्र भेटले की "एक झुरका" होतो. बायका तर मशेरीला तंबाखू मानतच नाहीत, दात घासायची वस्तू मानतात. मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखूच. निकोटीन धुरातून जावो नाहीतर हिरड्यांतून, रक्तवाहिन्या आवळतो आणि हाड जुळायला लागणारा रक्तपुरवठा कमी करतो. फ्युजन न जुळण्याच्या कारणांत तंबाखूचं नाव वरचं आहे. या एका चुकीबाबत मी सौम्य बोलणार नाही: वाकलात तर कदाचित तीन दिवस जातील, तंबाखूमुळे दुसरं ऑपरेशन येऊ शकतं.

तसंच, प्रवासात दुखलं म्हणून मेडिकलमधून मनानेच दाहशामक गोळ्या घेऊ नका. त्यातल्या काही गोळ्या हाड जुळण्याच्या काळात सर्जन टाळायला सांगतात. लिहून दिलेल्याच गोळ्या, आणि त्या हातातल्या पिशवीत. डिकीतल्या बॅगेत नकोत.

काय करता येतं मग?

पुष्कळ. चालणं हाच या काळातला सर्वांत चांगला व्यायाम, आणि चालायला आपल्याकडे जागा कमी नाहीत. बेळगावच्या किल्ल्यात कमल बस्ती या जुन्या जैन मंदिराचा परिसर सपाट आहे. हलशीला भूवराह नरसिंहाचं कदंबांच्या काळातलं देऊळ निवांत बघता येतं. कारवारच्या किनाऱ्यावर भुसभुशीत वाळू टाळून पाण्याजवळच्या ओल्या, घट्ट वाळूवरून चाला. पण जखम पूर्ण भरून सर्जन हो म्हणेपर्यंत समुद्रात, तळ्यात डुंबायचं नाही. दांडेलीचं राफ्टिंग, जत्रेतले पाळणे, शेवाळलेले दगड तुडवत जायचे पावसाळी धबधबे यांना हे वर्ष सुट्टी.

सौंदत्तीला यल्लम्माच्या डोंगरावर पौर्णिमेला, मंगळवारी, शुक्रवारी जाऊ नका. चढणीपेक्षा तिथला गर्दीचा रेटा वाईट. पाठीमागून आलेला धक्का तुम्हाला दिसत नाही. बुधवारी सकाळी आई तीच असते, रांग लहान असते.

चालताना एक हिशोब ठेवा: दहा मिनिटं पुढे गेलात तर दहा मिनिटं परतही यायचंय. गोळीचा असर चालू असताना बरं वाटतं, त्या भरवशावर अंतर वाढवू नका.

बेळगावच्या सांबरा विमानतळावरून विमान धरणार असाल तर रॉड-स्क्रूमुळे धातू शोधणारं यंत्र कधी वाजतं, कधी नाही. आधीच सांगा. डॉक्टरांची चिठ्ठी जवळ असली तरी झडती चुकत नाही.

वाटेत दुखायला लागलं तर

गाडी थांबवा, "अजून दहाच किलोमीटर" म्हणू नका. उतरून सावकाश चाला. त्याने नाही भागलं तर जवळचा लॉज किंवा ओळखीचं घर गाठा, पाठीवर झोपून गुडघ्यांखाली उशा घ्या. गाडीच्या मागच्या सीटवर अंगाची जुडी करून झोपणं म्हणजे दुखणं वाढवणं. बर्फ फडक्यात गुंडाळून पंधरा मिनिटं, जखम ओली होणार नाही अशा बेताने. स्नायू थकल्याचं दुखणं विश्रांतीने ओसरत जातं.

ओसरत नसेल, किंवा पायात नवा बधिरपणा, पाऊल उचलत नाही, ताप, जखमेतून पाणी किंवा पू, एकाच पोटरीला सूज आणि दुखणं, यांतलं काही असेल तर त्याच दिवशी डॉक्टर. लघवी-शौचावरचा ताबा गेला, मांड्यांच्या आतल्या बाजूची जाणीव गेली, किंवा छातीत दुखून धाप लागली तर एक मिनिटही थांबू नका. १०८ लावा. कर्नाटक, महाराष्ट्र, गोवा, तिन्हीकडे नंबर तोच. जंगलात आणि घाटात मोबाइलची रेंज जाते, म्हणून चोर्ला घाटाच्या वाटेवरच्या जांबोटीच्या पुढे निघण्याआधी घरी कुणाला तरी रस्ता सांगून ठेवा. डिस्चार्ज कार्डाचा फोटो सोबतच्या माणसाच्या मोबाइलमध्येही असू द्या.

रविवारी परत, सोमवारी कामावर

प्रवासाचा थकवा मणक्याला दुसऱ्या दिवशी कळतो. परतल्यावर एक अख्खा दिवस रिकामा ठेवा, आणि बॅग उघडायला वाकू नका. आमची गोकाकची बॅग चार दिवस दारामागे तशीच होती. करदंटाचा डबा तेवढा नवऱ्याने पहिल्याच रात्री बाहेर काढला.