सकाळचा निळा धूर आणि कमी होत जाणारं ऑइल

सकाळी गाडी चालू केली की सायलेन्सरमधून दोन-चार सेकंद निळसर धूर यायचा आणि थांबायचा. मी दुर्लक्ष केलं. मग एकदा वळणावर ऑइलचा लाल दिवा क्षणभर लागला आणि छातीत धस्स झालं. हा दिवा ऑइल किती आहे ते नाही, त्याचा दाब सांगतो. तो लागेपर्यंत बराच उशीर झालेला असतो. डिपस्टिक (ऑइलची पातळी बघायची पट्टी) पुसून पुन्हा घातली, तर फक्त टोकाला काळा थेंब.

जमिनीवर एकही डाग नव्हता. म्हणजे ऑइल गळत नव्हतं, जळत होतं. आधी ऑइल खुणेपर्यंत भरलं आणि दर 500 किलोमीटरला वहीत नोंद ठेवली. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनातली वाफ पुन्हा जाळायला पाठवणारी छोटी झडप, काढून हलवला. चांगला असता तर खुळखुळला असता, पण वाजेना. काजळीने चिकटला होता. बदलल्यावर फरक पडला, पण सकाळचा धूर राहिलाच. रात्रभर उभ्या गाडीत इंजिनच्या हवा आत-बाहेर सोडणाऱ्या व्हॉल्व्हच्या झिजलेल्या सीलमधून ऑइल झिरपतं, ते पहिल्या स्टार्टला जळतं. पिस्टन रिंग (पिस्टनभोवतीची कडी) गेली असती तर वेग घेतानाही धूर दिसला असता.

मेकॅनिकने हेड (इंजिनचा वरचा भाग) न उतरवता, स्पार्क प्लगच्या भोकातून हवेचा दाब देऊन व्हॉल्व्ह वर धरले आणि सगळे सील बदलले. जुना सील बोटांत दाबून पाहिला, रबर नव्हे, प्लास्टिकच वाटावं इतका कडक! एका प्लगवर ओलसर काळा थर होता, तोही बदलला.

त्यानंतर 2,000 किलोमीटर झाले, डिपस्टिकवरची पातळी जेमतेम हललीय. तरी दर रविवारी, इंजिन थंड असताना, सपाट जागेवर मी ती बघतोच.