रोमचं सिनेट आणि माझे गेलेले बारा मार्क

एम.ए.च्या पहिल्या वर्षी प्राचीन रोमवरच्या सोळा मार्कांच्या प्रश्नात मला चार मिळाले. उत्तर चांगलं चार पानी होतं. घात केला एका वाक्याने: ‘टायबेरियस ग्रॅकसचं (सरकारी जमीन गरिबांना वाटायचं) जमिनीचं विधेयक सिनेटने फेटाळलं.’ सरांनी त्याखाली लाल पेनाने लिहिलं होतं, ‘मत कुठे घेतलं?’ बस. त्या तीन शब्दांचा अर्थ लागायला मला दोन महिने लागले.

क्वेस्टर, ईडाइल, प्रेटर आणि सगळ्यात वर कॉन्सल, ही रोमच्या सरकारी पदांची उतरंड तुम्हाला पाठ असेलच. हुकूमशहा सुल्लाने क्वेस्टरसाठी 30 आणि कॉन्सलसाठी 42 वर्षांची अट घातली, हेही. त्यावर रात्री जागवू नका. गाइडमधला तो पिरॅमिड मात्र फाडून टाका. सिनेट टोकावर, जनता तळाला! माझं वाटोळं त्यानेच केलं.

सिनेट म्हणजे संसद नव्हे. पुन्हा सांगते, नव्हे. ते बहुतांशी माजी अधिकाऱ्यांचं मंडळ. कायदा करायचा अधिकार नागरिकांच्या सभांना होता. कॉन्सलही सभेतूनच निवडून यायचे, त्यामुळे बहुमत गेलं, सरकार पडलं, असला प्रकारच नाही. सिनेटचा ठराव म्हणजे कागदोपत्री नुसता सल्ला. मग तो सगळे ऐकायचे का? मी इथेच अडकले होते. कॉन्सल एका वर्षाचा, सिनेटर बहुधा जन्मभराचा. वर्ष संपलं की कॉन्सलला त्याच मंडळींत जाऊन बसायचं असे, मग वैर कोण घेणार? शिवाय खजिन्याच्या किल्ल्या सिनेटकडे.

आता इ.स.पू. 133 बघा. ट्रिब्यून, म्हणजे सामान्य जनतेने निवडलेला अधिकारी, असलेल्या टायबेरियसने विधेयक थेट प्लेबियनांच्या (सामान्य नागरिकांच्या) सभेत नेलं. अडवलं कोणी? सिनेटने नाही, ऑक्टेवियस नावाच्या दुसऱ्या ट्रिब्यूनने, नकाराधिकार वापरून. सभेने ऑक्टेवियसलाच पदावरून काढलं आणि कायदा झाला. सिनेटने मग हात आखडला: जमीन वाटपाच्या आयोगाला रोजचा भत्ता अगदी किरकोळ दिला, सरकारी तंबूही दिला नाही, असं ग्रीक चरित्रकार प्लुटार्क सांगतो. तेवढ्यात पर्गमॉनचा राजा अॅटलस आपलं राज्य रोमच्या नावे करून वारला. तो पैसा या कामी लावायचं टायबेरियसने काढलं आणि खजिन्यालाच हात घातला. त्याच वर्षी नासिका नावाच्या सिनेटरच्या मागे निघालेल्या सिनेटरांनी त्याला ठेचून मारलं. कॉन्सल स्कीव्होलाने बळ वापरायला नकार दिला होता. माझ्या एका वाक्यात यातलं काहीच नव्हतं.

घाबरू नका, एकदा डोक्यात बसलं की सुटतं. रोमवरचं कुठलंही वाक्य लिहिताना विचारा: सभा कोणी बोलावली, मत कोणी दिलं, अडवू कोण शकत होतं? सीनियरच्या नोट्स यात कामाच्या नाहीत, त्यांनीही तोच पिरॅमिड काढलेला असतो.

आणि मतं डोकी मोजून धरत नसत. सेंच्युरींच्या, म्हणजे मतदारगटांच्या, सभेत 193 गट, गटाला एक मत. जुन्या मांडणीत घोडेस्वारांचे 18 आणि पहिल्या वर्गाचे 80 मिळून 98, म्हणजे बहुमत तिथेच. गरिबांचा नंबर लागायच्या आतच निकाल. संपत्ती नसलेले सगळे मिळून एकच सेंच्युरी.

हे सगळं घोटून मी पुढच्या परीक्षेला बसले. ग्रॅकस आलाच नाही. आले ते सेन्सॉर, नागरिकांची मोजणी करणारे अधिकारी.