पोलादी हार्डटेल डोंगरवाटांसाठी कशी जुळवावी आणि कशी चालवावी

पुढे सस्पेन्शन फोर्क आणि मागे कोणतेही सस्पेन्शन नाही, अशा माउंटन बाइकला हार्डटेल म्हणतात. तिची फ्रेम क्रोमोलीची, म्हणजे क्रोमियम व मॉलिब्डेनम मिसळलेल्या पोलादाची असेल, तर ती ॲल्युमिनियमच्या फ्रेमपेक्षा सहसा थोडी जड भरते; परंतु पोलाद हा धातू ॲल्युमिनियमच्या जवळपास तिप्पट ताठ असल्यामुळे तिच्या नळ्या बारीक ठेवता येतात आणि बारीक नळीत किंचित लवचीकपणा उरतो. या लवचीकपणाचे कौतुक मलाही आहे, तरीही त्याच्यावर भिस्त ठेवू नये. मागून येणारे धक्के मुख्यतः टायर आणि स्वाराचे गुडघे सोसतात, म्हणून जुळणीला टायरपासून सुरुवात करावी.

२९ इंची चाकावर २.४ इंच रुंदीचा ट्यूबलेस टायर असेल आणि स्वाराचे वजन ७५ किलोच्या आसपास असेल, तर पुढे २१ आणि मागे २५ पीएसआय (हवेच्या दाबाचे एकक) हवा भरून पाहावी. मागच्या चाकावर वजन जास्त पडते आणि दगडाचा मार थेट रिमला बसतो, म्हणून मागची हवा नेहमी थोडी जास्त ठेवावी. कातळावरून उतरताना रिम दगडावर आपटल्याचा आवाज आला, तर एक-दोन पीएसआय वाढवावेत. सुट्या मुरुमावर चाक उड्या मारू लागले, तर तेवढेच कमी करावेत. हवा दरवेळी एकाच गेजने मोजावी, कारण दोन पंपांचे आकडे क्वचितच जुळतात. प्रत्येक टायरमध्ये सुमारे १०० मिलिलिटर सीलंट, म्हणजे छिद्र आतून बुजवणारा द्रव, असावे. आपल्याकडच्या उन्हाळ्यात ते दोन-तीन महिन्यांत आटते, आणि बाभळीच्या काट्यांशी गाठ असताना आटलेले सीलंट काही कामाचे नाही.

फोर्कची जुळणी हा हार्डटेलचा सर्वांत नाजूक भाग आहे. दोन्ही बाजूंना सस्पेन्शन असलेली सायकल वजनाखाली पुढून-मागून सारखीच खाली बसते. हार्डटेल मात्र फक्त पुढून बसते, त्यामुळे हँडल खाली जाते आणि फोर्क अधिक उभा होतो. फोर्क साधारण २० मिलिमीटर दबला की हा कोन सुमारे एक अंशाने बदलतो, आणि तीव्र उतारावर नेमका तोच अंश स्वाराला हँडलवरून पुढे ढकलतो. म्हणून सॅग, म्हणजे नुसत्या वजनाने फोर्क जेवढा दबतो ते अंतर, फोर्क जास्तीत जास्त जेवढा दबू शकतो त्याच्या १५ ते २० टक्क्यांच्या आत ठेवावा. १३० मिलिमीटर दबू शकणाऱ्या फोर्कसाठी हे अंतर २० ते २६ मिलिमीटर भरते. पाठीवरच्या पिशवीसह, भिंतीचा आधार घेऊन पेडलवर उभे राहावे, फोर्कवरची रबरी रिंग सीलपर्यंत सरकवावी आणि धक्का न देता उतरून अंतर मोजावे. सॅग बरोबर असूनही प्रत्येक पायरीवर फोर्क तळाला जात असेल, तर हवा वाढवत बसण्यापेक्षा हवेच्या कप्प्यात एक स्पेसर, म्हणजे कप्प्यातली जागा कमी करणारा तुकडा, बसवावा. रिबाउंड, म्हणजे दबलेला फोर्क परत वर येण्याचा वेग, त्याच्या बटणाच्या मधल्या खाचेपासून तपासायला घ्यावा: हँडल जोरात दाबून सोडल्यावर पुढचे चाक जमिनीवरून उचलले जाऊ नये.

ड्रॉपर सीटपोस्टवर, म्हणजे चालवतानाच कळ दाबून सीट खाली-वर करता येणाऱ्या दांडीवर, केलेला खर्च मला सर्वाधिक सार्थ वाटतो, कारण सीट खाली गेल्याशिवाय गुडघ्यांना वाकायला जागा मिळत नाही. मात्र पोलादी नळीत ॲल्युमिनियमची सीटपोस्ट ओलाव्यामुळे गंजून घट्ट अडकू शकते. तिला ग्रीस लावावे आणि काही महिन्यांनी ती काढून पुसावी. पावसाळ्यातील प्रत्येक फेरीनंतर सायकल उलटी करून आतले पाणी निथळू द्यावे, आणि पावसाळ्यापूर्वी नळ्यांच्या आत गंजरोधक फवारा मारावा.

घसाऱ्याची वाट उतरताना दोन्ही पेडले आडव्या रेषेत ठेवावीत, टाचा खाली दाबाव्यात आणि कंबरेतून वाकून छाती हँडलकडे न्यावी. भीतीने अंग फार मागे नेले, तर पुढच्या चाकावरचा भार नाहीसा होतो आणि वळणावर तेच चाक आधी घसरते. ब्रेक दगडांच्या आधी, सपाट जागी लावावेत आणि दगडांवर चाक मोकळे फिरू द्यावे. पुढचे चाक पायरी उतरले की पाय क्षणभर हलके करावेत, म्हणजे मागचे चाक न आदळता पुढच्या चाकामागून येते. हा सराव आधी फुटपाथच्या कडेवर करावा. चढावर सीटच्या टोकाशी सरकावे, कोपरे खाली घ्यावीत आणि हलक्या गिअरमध्ये एकसारखे पेडल मारावे, कारण झटका दिला की मुरुमात मागचे चाक जागीच फिरते. शेवाळलेल्या जांभ्यावर कोणताही टायर भरवशाचा नसतो. तिथे उतरून चालावे. पाऊलवाटेवर चालणारे आणि गुरे राखणारे यांचा हक्क आधी, म्हणून त्यांना थांबून वाट द्यावी.

पहिल्या तीन-चार फेऱ्यांनंतर पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलवावी. हँडलच्या बुडाशी खटखट जाणवली, तर स्टेमचे, म्हणजे हँडल फोर्कला जोडणाऱ्या भागाचे, बाजूचे बोल्ट सैल करून वरचा बोल्ट खटखट थांबेपर्यंतच आवळावा आणि मग बाजूचे पुन्हा घट्ट करावेत.