गाव सोडल्यावर गावकीतले नाव टिकवण्यासाठी

संगमेश्वर तालुक्यातील आमच्या वाडीत शिमग्यात, म्हणजे कोकणातील होळीच्या सणात, घरोघरी जाणाऱ्या ग्रामदेवतेच्या पालखीबरोबर एक लांबट, जाड पुठ्ठ्याची वही फिरते. तिच्यात प्रत्येक घरासाठी एक ओळ असते: कर्त्याचे नाव, घरटी ठरलेली वर्गणी, ती आली की नाही, आणि शेवटच्या रकान्यात घर उघडे होते की बंद. वडील गेल्यानंतर मी आखातात नोकरीला होतो आणि सलग तीन शिमगे आमच्या नावापुढे ‘बंद’ असे लिहिले गेले. वर्गणी मी दरवर्षी वेळेवर पाठवली होती. परंतु दारात ओवाळायला कोणी नसल्यामुळे पालखी अंगणापाशी क्षणभर थांबून पुढच्या घरी गेली. ती वही पाहिली तेव्हा मला प्रथमच समजले की गाव माणसाचा हिशेब केवळ पैशांत करत नाही. परमुलुखात राहूनही त्या हिशेबात राहण्यासाठी काय करावे, हे मी पुढील बारा वर्षांत हळूहळू शिकलो, आणि ज्यांचे गाव कोकणात आहे त्यांना ते उपयोगी पडावे म्हणून येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी गावाचे वेळापत्रक मिळवावे, आणि ते भिंतीवरच्या दिनदर्शिकेतून घेऊ नये. रत्नागिरी जिल्ह्यात काही गावांचे शिमगे ‘तेरसे’ असतात, म्हणजे त्यांचा होम फाल्गुन शुद्ध त्रयोदशीला लागतो, तर काही गावांचे ‘भद्रेचे’, म्हणजे पौर्णिमेचे असतात. पालखी घरोघरी फिरण्याचे दिवस त्यानंतर वाडीनुसार ठरतात. सुट्टीच्या यादीतील होळी पाहून विमानाचे तिकीट काढणारा माणूस गावात पोहोचतो तेव्हा त्याच्या वाडीची पाळी झालेली असते, किंवा पालखी येण्याआधीच त्याला परतावे लागते. सिंधुदुर्गातील आंगणेवाडीच्या भराडी देवीच्या जत्रेची तारीख तर पंचांगात नसतेच. ती दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते. म्हणून पालखीचा मार्ग ठरवणाऱ्या मानकऱ्याला किंवा गुरवाला माघ महिन्यातच फोन करून आपल्या घराचा दिवस विचारून घ्यावा. रेल्वेने जायचे असेल तर नेहमीच्या गाड्यांचे आरक्षण नोव्हेंबर 2024 पासून 60 दिवस आधी उघडते, पूर्वीसारखे 120 दिवस आधी नाही, हे लक्षात ठेवावे. शिमगा आणि गणपतीच्या तारखांना पहिल्या सकाळीच बसले नाही तर जागा मिळत नाही.

दरवर्षी जाणे कोणालाच जमत नाही, आणि तसा आग्रहही गाव धरत नाही. न जमणाऱ्या वर्षी घर उघडे राहील एवढी व्यवस्था करावी. आमच्याकडे घराची किल्ली चुलत वहिनींकडे असते. पालखीच्या आदल्या दिवशी त्या केर काढतात, अंगण सारवतात, आणि पालखी आली की आमच्या ओटीवर उभे राहून ओवाळतात. नारळ, तांदूळ, खण आणि पालखीबरोबरच्या मंडळींच्या चहापाण्याचा खर्च मी आठ दिवस आधी पाठवतो. गुरव गाऱ्हाणे घालतात, म्हणजे देवापुढे सर्वांसाठी मागणे मागतात, तेव्हा आमच्या घराचे आणि परदेशातील लेकराबाळांचे नाव घेतात. व्हिडिओ कॉलवर ते मला मस्कतला ऐकू येते, परंतु वाडीतील पंधरा-वीस माणसांना ते प्रत्यक्ष ऐकू येते, हे अधिक महत्त्वाचे आहे असे मला वाटते.

बहुतेक गावांचे एक मंडळ गावात आणि एक मुंबईत असते. परदेशी गेलेल्या अनेकांना असे वाटते की आता मुंबई मंडळाशी आपला संबंध उरला नाही. माझे मत नेमके उलट आहे. गावातील रस्ता, नळपाणी, देवळाचा जीर्णोद्धार, नमन-खेळे या लोककलेचा खर्च यांविषयीचे अर्धे निर्णय मुंबईत रविवारी भरणाऱ्या सभेत आकार घेतात. त्या मंडळाची वर्गणी कधीही थकवू नये, पावती मागून घ्यावी, आणि वर्षातून किमान एका सभेला, मुंबईत उतरल्यावर गावी जाण्यापूर्वी, हजर राहावे. सभेत पहिल्या वर्षी सूचना करू नयेत. एखादे लहानसे, कोणालाही नको असलेले काम मात्र मागून घ्यावे. मी सभासदांची यादी अद्ययावत ठेवण्याचे काम घेतले. त्यासाठी मला प्रत्येक घरी वर्षातून एकदा फोन करावा लागतो, आणि गेल्या दशकात गावाशी माझे जे नाते टिकले त्यातील मोठा वाटा त्या फोनचा आहे. या यादीत मी आणखी एक रकाना वाढवला, तो माहेरवाशिणींचा. वर्गणी घरटी असल्यामुळे लग्न होऊन गेलेल्या मुलींची नावे कोठेच नसत, आणि त्यांतील कित्येकींना गावाची ओढ आम्हा पुरुषांपेक्षा जास्त आहे.

फोन कोणाला करावा, हेही विचारपूर्वक ठरवावे. सरपंच आणि अध्यक्ष यांच्याकडून कामाची माहिती मिळते. गाव कसे आहे ते मात्र शेजारच्या घरातील वयस्कर काकूंकडून कळते. कोणाच्या गुडघ्यांचे दुखणे वाढले, कोणाच्या आंब्याला मोहोर आला नाही, कोणाचा मुलगा पुण्याहून परत आला, वणवा यंदा कोणत्या बाजूने चढला, या गोष्टी त्यांच्याकडूनच समजतात. ठरावीक वारी, ठरावीक वेळी फोन करावा. मस्कतचे घड्याळ भारताच्या दीड तास मागे असल्यामुळे मी रात्रीचे जेवण व्हायच्या आत, गावातील साडेसातला करतो. बोलताना आपली बोली सोडू नये. शुद्ध भाषेत विचारपूस केली की समोरचे माणूसही पाहुण्याशी बोलावे तसे जपून बोलू लागते.

गावात मृत्यू झाला तर व्हॉट्सअ‍ॅपच्या गटात हात जोडल्याचे चित्र टाकून थांबू नये. त्याच दिवशी घरच्या माणसाला फोन करावा, आणि बाराव्या-तेराव्यानंतर, भेटायला येणाऱ्यांची गर्दी ओसरल्यावर, पुन्हा एकदा करावा. पुढच्या गावभेटीत सर्वांत आधी त्या घरी जावे, मग त्याला सहा महिने झाले असले तरी चालेल. कोकणात कोणी लग्नाला आले नाही तर गाव ते मनावर घेत नाही, परंतु दुःखाच्या वेळी न विचारलेले लक्षात राहते.

आता घर आणि जमीन. कौलारू घर असेल तर पावसाळ्याआधी ते शाकारून घ्यावे, कारण एक फुटलेले कौल आषाढात वाशापर्यंत ओल पोहोचवते आणि मागोमाग वाळवी येते. पावसाळा संपल्यावर घराभोवतीचे वाढलेले गवत कापून घ्यावे, नाहीतर उन्हाळ्यात वणवा आपल्या आवारातून शेजाऱ्याच्या काजूत शिरतो. ही कामे करणाऱ्यास ठरलेली मजुरी द्यावी. ‘आपलाच माणूस आहे’ म्हणून फुकट करून घेतलेल्या कामातून नाती बिघडलेली मी पाहिली आहेत. घरपट्टी थकवू नये. वडिलांच्या किंवा आजोबांच्या मृत्यूनंतर वारस नोंद राहिली असेल तर ती आधी मार्गी लावावी: महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 नुसार हक्क मिळाल्याची वर्दी तीन महिन्यांत देणे अपेक्षित आहे, आणि आता ‘ई-हक्क’ प्रणालीवरून परदेशात बसूनही अर्ज करता येतो. डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 15 रुपयांत मिळतो. तो वर्षातून एकदा काढून नावे तपासावीत. आमच्या सामायिक सातबारावर इतकी नावे आहेत की प्रत्येक नोंदीसाठी चुलत भावंडांशी बोलावेच लागते, आणि त्या निमित्ताने ती भावंडे दुरावत नाहीत. अनिवासी भारतीयाला वारसाने आलेली शेतजमीन ठेवता येते, परंतु नवी शेतजमीन विकत घेता येत नाही. शेजारच्या तुकड्यासाठी कोणी विसार मागितला तर हे आधी सांगावे.

मदतीच्या बाबतीत मी एक चूक केली आहे. गावातील शाळेला मी एका वर्षी चार संगणक पाठवले, कोणालाही न विचारता. ज्या खोलीत ते ठेवले तिचे छप्पर गळत होते, आणि पहिल्याच पावसाळ्यात चारही निकामी झाले. पुढच्या मे महिन्यात मी मुख्याध्यापकांसमोर बसून, शाळेला काय हवे ते नीट विचारले. वरच्या वाडीतील सात मुलांना पावसात पऱ्ह्या, म्हणजे ओढा, ओलांडून चालत यावे लागत होते. त्यांच्या रिक्षाचे चार महिन्यांचे भाडे हवे होते. संगणकांच्या किमतीच्या मानाने ती रक्कम फारच लहान होती. तेव्हापासून मी आधी विचारतो, लहान रक्कम देतो आणि ती दरवर्षी देतो, कारण एकदाच मिळालेल्या मोठ्या देणगीपेक्षा दर जूनला न चुकता येणाऱ्या पैशांवर शाळेला वर्षाचे नियोजन करता येते.

परदेशातून संस्थेला पैसे पाठवताना कायदा पाहणे आवश्यक आहे. भारतीय नागरिकत्व कायम असलेल्या व्यक्तीने स्वतःच्या बचतीतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी अंशदान मानली जात नाही. नागरिकत्व बदललेले असेल, तर ओसीआय (परदेशी नागरिक असलेल्या भारतीय वंशाच्या व्यक्तीचे) कार्ड असले तरी ती विदेशी अंशदान ठरते, आणि 2010 च्या विदेशी अंशदान (विनियमन) कायद्यानुसार नोंदणी किंवा पूर्वपरवानगी नसलेल्या मंडळाला ती स्वीकारता येत नाही. अमेरिकेतील किंवा इंग्लंडमधील बांधवाने ही चौकशी न करता पैसे पाठवले तर अडचणीत सापडतात ते गावातील पदाधिकारी.

ग्रामसभा बहुतेक गावांत 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट आणि 2 ऑक्टोबर या दिवसांच्या आसपास भरते. त्यांपैकी 1 मेची सभा आंब्याच्या सुट्टीत सापडते, म्हणून तिला जाऊन बसावे. सभेतील मताचा अधिकार गावच्या मतदार यादीत नाव असलेल्यांचा आहे; मुंबईच्या यादीत नाव असताना गावातही ठेवणे नियमाला धरून नाही. त्यामुळे तेथे ऐकावे, विचारले तर बोलावे, आणि जे पावसाळ्यासुद्धा बारा महिने तेथे राहतात त्यांचा शब्द शेवटचा मानावा. डांबरी रस्ता, मोबाइलचा मनोरा, चिऱ्यांच्या जागी आलेले सिमेंट हे पाहून आपल्याला वाईट वाटले, तरी गावाने आपल्या आठवणीसारखे राहावे असा हट्ट धरू नये.

मुलांना नेताना त्यांना पाहुणे म्हणून नेऊ नये. माझी मुलगी नऊ वर्षांची असताना मी तिला पालखीच्या दिवशी वहिनींच्या हाताखाली दिले. तिने तांब्या भरला, ताट लावले, आणि पालखी सहाणेवरून, म्हणजे ती बसते त्या जागेवरून, निघाल्याचा ढोल ऐकू येताच सर्वांच्या आधी दारात जाऊन उभी राहिली. वहीवाल्या काकांनी तिला घराचे नाव विचारले; ते तिने बरोबर सांगितले, आणि त्यांनी शेवटच्या रकान्यात तिच्यासमोर ‘उघडे’ असे लिहिले.