वस्तीला आपत्तीचा फटका किती बसेल, हे कसं तपासायचं

नकाशावर निवारा केंद्र वस्तीपासून सहाशे मीटरवर होतं. आठ मिनिटं, असं मी वहीत लिहून टाकलं. मग एका आजींना विचारलं, माझ्याबरोबर तिथपर्यंत याल का? काठी टेकत, दोनदा कठड्यावर बसत, त्यांना सव्वीस मिनिटं लागली. तेही भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर. तेव्हापासून मी सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाला लागणारी मिनिटं मोजते, आणि तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.

वहीत तीन रकाने वेगळे ठेवा: धोका काय आहे (पूर, भूकंप, वादळ, उष्णता), त्याच्या वाटेत कोण आणि काय येतं, आणि फटका सोसून पुन्हा उभं राहायची ताकद कोणात किती आहे. हे तिन्ही एकात मिसळले की अंदाज चुकतोच. २०१० च्या जानेवारीत हैतीत ७.० तीव्रतेचा भूकंप झाला. बहुतेक अंदाजांनुसार लाखाहून जास्त माणसं गेली. पुढच्याच महिन्यात चिलीत ८.८ चा झाला, तिथे मृतांचा आकडा पाचशेच्या आसपास राहिला. हैतीचा भूकंप राजधानीच्या जवळ आणि उथळ होता, हे खरंच. पण चिलीतल्या इमारती कडक नियमांनी बांधलेल्या होत्या आणि हैतीतल्या बहुतेक तशा नव्हत्या, हा फरक फार मोठा ठरला.

जनगणनेचे आकडे, उंचसखल भागाचा नकाशा, जुन्या नोंदी हे सगळं आधी घरी बसून पाहून घ्या. त्यात फार दिवस घालवू नका.

मग वस्तीत फिरा. पूर कुठपर्यंत आला होता, असं विचारलं की लोक कमरेवर हात ठेवतात. कमर कोणाची? म्हणून त्यांना भिंतीवर बोट ठेवायला सांगा आणि बोटापासून जमिनीपर्यंत टेप लावा. एका घरात असं मोजलं तेव्हा चौऱ्याण्णव सेंटिमीटर निघाले. शेजारीच त्या घरातली चिमुरडी उभी होती, तिचं डोकं त्या खुणेच्या खाली होतं. त्या घराच्या नोंदीत मी मुलीची उंचीही लिहिली.

बायकांशी वेगळं बसून बोला. एकत्र बैठकीत त्या गप्प राहतात, आणि मुलं, म्हातारी माणसं, आजारी माणसं कोण कुठे झोपतं हे त्यांनाच नेमकं ठाऊक असतं. २००४ च्या त्सुनामीत अनेक गावांत पुरुषांपेक्षा बायका कितीतरी जास्त गेल्या, हे विसरू नका.

घरोघरी विचारायचा माझा मुख्य प्रश्न एकच आहे: रात्री दोन वाजता निघायची वेळ आली तर या घरात कोणाला निघता येणार नाही? उत्तराला घाई करू नका. सुरुवातीला सगळे म्हणतात, आम्ही निघू. थोड्या वेळानं कळतं की एकाला भोंगा ऐकू येत नाही, एकाचं औषध फ्रीजशिवाय टिकत नाही, भाडेकरूंना इथली भाषा येत नाही. एकटं कोण राहतं याचा रकाना हवाच. शिकागोत जुलै १९९५ च्या उष्णतेच्या लाटेत सातशेहून जास्त बळी गेले, त्यांत एकट्या राहणाऱ्या वृद्धांना फार मोठा फटका बसला. मात्र अशा लोकांची यादी भिंतीवर लावू नका. ती दोन-तीन विश्वासू माणसांकडेच असू द्या, कारण चोरालाही तीच यादी हवी असते.

ताकदीचीही नोंद करा: पोहणारे, गाडीवाले, परिचारिका, बचत गट, उंचावरचं पक्कं घर.

शेवटी प्रत्येक घर किती सुरक्षित आहे याचे गुण द्यायचे असतील तर द्या, पण सरासरीवर विसंबू नका. चाळीस घरं भक्कम आणि चार घरं ओढ्याच्या काठाशी असली तर सरासरी 'ठीक' म्हणते. ती चार घरं अहवालाच्या पहिल्या पानावर घ्या.

अहवाल पाठवण्याआधी वस्तीत मोठ्यानं वाचून दाखवा. आमच्याकडे तेव्हाच एकानं सांगितलं की आजींच्या वाटेवरचा लहान पूल पाणी चढलं की सगळ्यात आधी बुडतो. माझ्या वहीत तो पूल 'सुरक्षित' होता. आम्ही आजींसाठी दुसरी वाट शोधली, ती जास्त लांबची निघाली, म्हणून त्यांना उचलून न्यायला शेजारच्या दोघांची नावं त्याच बैठकीत ठरवली.