आप्पांची फियाट उघडण्याआधी

पाना हातात घेण्याआधी आरसी बुक हातात घ्या. घरच्या जुन्या गाडीचं काम काढायचं ठरलं की सगळे आधी बोनेटकडे धावतात आणि तिथंच घोळ होतो. आमच्या आप्पांची, म्हणजे आजोबांची, 1967ची फियाट डिलाइट माझे वडील, अण्णा, गेल्यापासून घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये उभी होती. ती आम्ही एकदा अशीच घाईनं उघडली. हायवेलगतच्या एका गॅरेजात नेली. दोन दिवसांत इंजिन खाली उतरलं, सीटा निघाल्या, आणि पुढं काय करायचं हे आम्हालाच ठाऊक नसल्यानं गाडी सात महिने सुटी होऊन पडली. परत आणली तेव्हा पुढच्या जाळीची एक पट्टी आणि मागच्या काचेभोवतीची चकचकीत बीडिंग गायब होती. दुसऱ्यांदा काम काढताना मी चार महिने नुसती तयारी केली. ती तयारी इथं लिहितो आहे, ज्यांच्या घरी अशी गाडी उभी आहे त्यांच्यासाठी.

तर आरसी बुक. ते कुणाच्या नावावर आहे ते बघा. आमचं आप्पांच्याच नावावर राहिलं होतं. अण्णांनी गाडी वीस-बावीस वर्षं चालवली, पण घरचीच तर आहे म्हणून नाव कधी बदललं नाही. मालक वारल्यावर तीस दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत फॉर्म 31 भरून वारसाचं नाव लावून घ्यायचं, असा नियम आहे. बहुतेक घरांत त्या दिवसांत गाडीची आठवण कुणाला राहते? उशीर झाला म्हणून वाट बंद होत नाही, पण कागद वाढतात: मृत्यूचा दाखला, वारसांची प्रतिज्ञापत्रं, बाकीच्या सगळ्या वारसांची ना हरकत. आमच्याकडे दोन काका आणि एक आत्या. काकांनी लगेच सह्या केल्या. आत्यानं मात्र सही करण्याआधी एक अट घातली, ती शेवटी सांगतो. एवढंच म्हणेन की गाडीवर खर्च करण्याआधी या सह्या घ्या. पैसा ओतून गाडी उभी राहिल्यावर सह्या मागितल्या की माणसं दुखावतात, आणि त्यात त्यांची चूक नसते.

दुसरं, गाडी सरकारी नोंदीत आहे का ते पाहा. सोलापूरचा एमएच 13 यायच्या आधीचा, जुना तीन अक्षरांचा नंबर असेल तर ती नोंद कित्येकदा कागदी रजिस्टरमध्येच राहिलेली असते आणि ऑनलाइन दिसतच नाही. मग मूळ बुक दाखवून ती आधी चढवून घ्यावी लागते. खासगी गाडीची नोंदणी पहिली पंधरा वर्षं चालते, त्यानंतर दर पाच वर्षांनी तपासणी करून नूतनीकरण. मधली वर्षं चुकली असतील तर पर्यावरण कर आणि थकबाकी किती निघते ते आजच विचारून घ्या, कारण नूतनीकरणाचं शुल्क अलीकडं बरंच वाढलं आहे.

गाडीच्या पहिल्या नोंदणीला पन्नास वर्षं उलटून गेली असतील तर आणखी एक रस्ता आहे. 2021च्या जुलैत केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळे नियम केले. अर्ज फॉर्म 20 मध्ये, विम्याचा कागद आणि जुनं आरसी जोडून करायचा. नवीन नोंदणीचं शुल्क 20,000 रुपये आणि नोंदणी दहा वर्षांची. जिची नोंदणी आधीच झालेली आहे तिला जुना नंबर ठेवता येतो. पण दोन गोष्टी नीट समजून घ्या. ही गाडी रोजच्या वापरासाठी रस्त्यावर काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, दुरुस्ती, एवढ्यापुरतीच. आणि चेसिस, बॉडी, इंजिन मूळचंच हवं, त्यात मोठा फेरफार चालत नाही. तुमचा शेजारी नक्की सुचवेल की यात मारुतीचं इंजिन बसवा, ॲव्हरेज चांगलं देईल. त्याला चहा पाजा आणि नको म्हणा. ज्यांना गाडी घेऊन अक्कलकोटला, तुळजापूरला मनाला येईल तेव्हा जायचं आहे त्यांनी साधं नूतनीकरण करावं. मी तेच केलं. रस्ता कोणता ते मात्र कामाआधी ठरवा, कारण मिस्त्रीला काय सांगायचं ते त्यावरच ठरतं.

आरटीओत जायच्या आदल्या दिवशी एक काम घरी करा. चेसिस नंबर आणि इंजिन नंबर शोधा, रॉकेलच्या फडक्यानं पुसा, वर पातळ कागद धरून पेन्सिल आडवी घासा. आकडा कागदावर उमटतो. असे चार-पाच छाप काढून ठेवा. आमच्या गाडीवर पन्नास वर्षांचा मळ साचलेला, तो नखानं उकरताना पहिला आकडा दिसला तेव्हा माझा श्वास थांबला होता. आणि पेंटरला चारचौघांत बजावून ठेवा की नंबराच्या जागेवर ग्राइंडर फिरवायचा नाही. तो आकडा पुसला तर गाडी कागदोपत्री मेली.

मग फोटो. गाडी धुण्याआधी, आहे त्या धुळीसकट. प्रत्येक दार उघडं आणि बंद, बोनेटखाली सगळ्या बाजूंनी, वायर कुठून कुठे जाते, कोणत्या भोकातून केबल आत शिरते, क्लिपा कुठे आहेत. तीन-चारशे फोटो झाले तरी चालतील. सुटे होणारे स्क्रू-नट ठेवायला पिशव्या, त्यावर लिहायला मार्कर आणि भाजीचे प्लॅस्टिकचे क्रेट आधीच आणून ठेवा. ही गाडी जेमतेम चार मीटर लांब, पण उघडल्यावर तिला तिप्पट जागा लागते. ती जागा तुमच्या ताब्यात असली पाहिजे, गॅरेजवाल्याच्या कोपऱ्यात नव्हे.

फोटो काढताना रंगही शोधा. आमची गाडी मला आठवते तेव्हापासून पांढरी. आत्या म्हणायची, नाही रे, पिस्ता रंगाची होती. कुणी मनावर घेत नव्हतं. मागच्या सीटची पाठ काढली तर आतला पत्रा खरंच पिस्ता रंगाचा निघाला, ऊन न लागलेला, अगदी ताजा. त्याच ठिकाणी शेंगांची टरफलं आणि सोलापूरच्या गड्ड्याच्या जत्रेतली पत्र्याची शिट्टी सापडली. डॅशबोर्डखाली, डिकीच्या अस्तरामागं, दाराच्या पट्टीखाली असा मूळ रंग शाबूत असतो. त्याचा नमुना नव्या रंगाच्या दुकानी नेऊन जुळवून घ्या, मोबाइलच्या फोटोवरून रंग जुळत नाही. कोणता रंग द्यायचा यावर घरात बोलणं होऊ द्या. आमच्याकडे तीन रविवार गेले, शेवटी पिस्ता ठरला.

आता पत्रा. या गाडीला चेसिसचा वेगळा सांगाडा नाही, बॉडीच सगळा भार उचलते. म्हणून दाराखालचा पेटीसारखा भाग आणि पायाखालचा पत्रा कुजला असेल तर ती नुसती दिसण्याची खोट नसते, गाडीचा कणाच गेलेला असतो. साधं चुंबक पातळ फडक्यात गुंडाळून सगळ्या बॉडीवरून फिरवा. जिथं चिकटत नाही तिथं आत लांबी, म्हणजे पुट्टी, भरलेली आहे. त्या जागा खडूनं आखून ठेवा आणि आखलेली गाडी दाखवूनच डेंटरशी भाव ठरवा. सोलापूरची हवा कोरडी, मुंबईसारखा समुद्राचा खारा गंज इथं नाही, ही आपली मोठी जमेची बाजू. पण गाडी मातीत उभी असेल तर ओल खालून येते, आणि प्लॅस्टिकच्या कव्हरखाली ती कोंडून राहते. सुती कव्हर घाला. आमच्या गाडीवर अण्णांनी दोन जुन्या सोलापुरी चादरी जोडून टाकल्या होत्या, तिचा टप त्यामुळंच वाचला.

दाराखालचा पत्रा कापायची वेळ आली तर आधी दारांच्या फटी मोजून लिहा आणि आतून आधाराचे पाइप मारायला सांगा. नाहीतर बॉडी बसते आणि दार पुन्हा कधी नीट लागत नाही.

इंजिनाला किल्ली मारून बघायचा मोह होईल. मारू नका. चारही प्लग काढा, प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर पातळ ऑइल सोडा आणि आठवडाभर थांबा. मग प्लग बाहेरच ठेवून, गाडी चौथ्या गियरमध्ये टाकून, दोघांनी हळू पुढे-मागे ढकला. फिरली तर उत्तम. अडली तर जोर लावू नका, हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, उतरवावं लागेल असं धरून चाला.

टाकीतलं जुनं पेट्रोल डिंकासारखं झालेलं असतं, ते काढून टाकी आतून साफ करून घ्या. आणि आपल्या आजोबांच्या वेळी नव्हती अशी एक गोष्ट ध्यानात ठेवा: आज पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये वीस टक्के इथेनॉल आहे. ते जुनं रबर फुगवतं, आणि ओलावा ओढून घेत असल्यानं टाकीत गंज धरतो. त्यामुळं पेट्रोलचे सगळे रबरी पाइप, पंपाचा पडदा, कार्बोरेटरची गॅस्केटं इथेनॉलला टिकणारी घ्या. गाडी महिनोन्महिने उभी राहणार असेल तर टाकीत आणि कार्बोरेटरमध्ये पेट्रोल ठेवू नका.

पाण्याबद्दल मी जरा जास्तच सांगणार आहे, कारण सोलापुरात या इंजिनांचा जीव पाण्यानं घेतला आहे. 1089 सीसीचं हे इंजिन, खाली बिडाचा ब्लॉक आणि वर ॲल्युमिनियमचं हेड. आपल्याकडे वर्षानुवर्षं रेडिएटरमध्ये बोअरचं जड पाणी ओतलं गेलं. त्याचा चुन्यासारखा थर आत बसतो, वाटा बुजतात, आणि मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा हेड तापून वाकतं. रेडिएटर उतरवून, नळ्या साफ करून घेण्याचं काम यादीत अगदी वर लिहा. ब्लॉकमधला गाळही काढायला सांगा, तो बहुतेक जण विसरतात. हेड काढलंच तर लेथवर सपाटी तपासून घ्या. पुढं फक्त कूलंट आणि शुद्ध केलेलं पाणी.

ब्रेकवर काटकसर नको. चारही चाकांना ड्रम आणि ब्रेकची लाइन एकच, ती कुठंही फुटली की पायाखाली काहीच उरत नाही. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, सगळी रबरं, पाइप नवे. टायर चांगले दिसले तरी बदला, साइज 5.20-14. वायरिंग उंदरांनी ठेवलं असेल तर नशीब, नाहीतर पूर्ण नवं करा.

सुट्या भागांची यादी दोन रकान्यांत करा: काय मिळतं, काय मिळत नाही. 1974च्या सुमारास याच गाडीचं नाव प्रीमियर पद्मिनी झालं आणि ती मुंबईची टॅक्सी म्हणून 2023पर्यंत धावली, त्यामुळं इंजिन, गियर, ब्रेकचे बरेच भाग मुंबईत अजून मिळतात. कारखानाही कुर्ल्याचाच. तो काढणाऱ्या प्रीमियरचे संस्थापक वालचंद हिराचंद सोलापुरात जन्मलेले, हे आप्पा प्रत्येक पाहुण्याला सांगायचे. मिळत नाही ते म्हणजे डिलाइटची जाळी, दिव्यांच्या कडा, क्रोमच्या पट्ट्या, डॅशबोर्डची काच. यातलं काहीही, कितीही वाकलेलं असो, फेकू देऊ नका. क्रोमला देताना प्रत्येक नग मोजून, फोटो काढून, पावती घेऊन द्या.

मिस्त्री असा शोधा ज्यानं स्टीयरिंगवरच्या गियरच्या गाड्यांवर हात चालवला आहे. साठीपुढचे असे दोघं-चौघं प्रत्येक गावात असतात, एखादा नातवाला दुकान देऊन घरी बसलेला असतो. त्यांच्याकडे स्वतः जा, वेळ काढून बसा, काका म्हणून विचारा. पैसे टप्प्यानं द्या आणि ठरलेलं काम वहीत लिहून दोघांनी सही करा. ते जेवढा आकडा सांगतील त्यात निम्मा आणखी धरा. तेवढा हाताशी नसेल तर फक्त ब्रेक, पाणी, पेट्रोलचं काम करा आणि बॉडी पुढच्या वर्षी घ्या. उघडी पडण्यापेक्षा जुन्या रंगात चालती गाडी बरी.

रंगाचं काम दिवाळी ते संक्रांत या दिवसांतच ठेवा. पावसाळ्याच्या कोंदट हवेत रंगावर पांढरी झाक येते, उन्हाळ्यात थिनर उडून रंग खरखरीत बसतो आणि वर धूळ. म्हणजे पत्र्याचं काम भादव्यापर्यंत संपलं पाहिजे, हा हिशोब उलटा मांडून आजच कॅलेंडरवर लिहा.

गाडी गॅरेजला नेताना दोरीनं ओढू नका, ब्रेक धरलेले असतात. सपाट ट्रकवर चढवा. त्याआधी किल्ल्या. दाराची, स्टार्टची, डिकीची, सगळ्यांच्या दोन-दोन नकला करून घ्या, जुनी पितळी किल्ली कधी तुटेल सांगता येत नाही. आमच्या मूळ किल्लीला आप्पांनी बांधलेला काळा गोफ अजून आहे. ती गॅरेजला दिली नाही, नक्कल दिली. मूळ किल्ली आत्याकडे राहील, हीच तिची अट होती. तिच्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला ती लटकते आहे.