ट्यून केलेली टर्बो गाडी गोव्याच्या घाटात आणि पावसात कशी जपावी

टर्बो (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) असलेल्या गाडीचे ट्यूनिंग म्हणजे बहुतेक वेळा ईसीयूमधील, म्हणजे इंजिन चालवणाऱ्या संगणकातील, मॅप (इंधन, ठिणगी आणि हवेच्या दाबाची कोष्टके) बदलणे, ज्याला गॅरेजात रीमॅप म्हणतात. एकही बोल्ट न उघडता गाडीची ताकद लक्षणीय वाढते. ही ताकद कोठून येते, हे मालकाने आधी समजून घ्यावे. निकृष्ट पेट्रोल, मे महिन्याचे ऊन, लांबलेली सर्व्हिसिंग आणि निष्काळजी चालक हे सारे गृहीत धरून कंपनीने इंजिनात जी शिल्लक ठेवलेली असते, ती आपण खर्च करतो. म्हणूनच जी चूक मूळ गाडीने निमूटपणे सोसली असती, तीच चूक ट्यून केलेल्या गाडीत पिस्टनवर बेतू शकते.

मॅप बदलण्यापूर्वी इंजिन निरोगी आहे याची खात्री करावी. सर्व सिलिंडरांचे कॉम्प्रेशन (हवा दाबून धरण्याची क्षमता) तपासून घ्यावे, टर्बोतून आलेली तापलेली हवा थंड करणाऱ्या इंटरकूलरच्या होजपाइपांना हवेचा दाब देऊन गळती पाहावी आणि स्पार्क प्लग नवे बसवावेत. होजपाइप गळत असेल तर ईसीयूने मागितलेला बूस्ट (हवेचा वाढीव दाब) गाठण्यासाठी टर्बोला मर्यादेबाहेर वेगाने फिरावे लागते. बाहेर दिसते ती फक्त थोडी शिट्टी आणि थोडा आळस. आत मात्र लाखाहून अधिक आरपीएमने (मिनिटाला फेऱ्यांनी) फिरणाऱ्या शाफ्टच्या बेअरिंगची झीज चालू असते. माझ्या जुन्या गाडीवर एका गॅरेजने यातले काहीच न तपासता तयार मॅप टाकून दिला होता, आणि ती गळती मला दोन महिन्यांनी, टर्बो बदलण्याच्या बिलासह कळली.

ट्यूनरकडे गेल्यावर गिऱ्हाईक पहिला प्रश्न विचारते तो हॉर्सपॉवरचा. माझ्या मते विचारायला हवे ते हे, की टॉर्क (इंजिनाचा फिरवण्याचा जोर) किती आरपीएमवर किती दिला आहे. लहान टर्बो इंजिनांत १,५०० ते २,००० आरपीएमलाच भरपूर बूस्ट तयार होतो, आणि त्या संथ फेऱ्यांत सिलिंडरमधील दाब पिस्टनवर अधिक काळ टिकतो. पिस्टनला खालून जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकण्याची घटना म्हणूनच बहुधा लाल रेषेपाशी (आरपीएमच्या कमाल मर्यादेपाशी) घडत नाही. ती अशा खालच्या फेऱ्यांत घडते. त्यातच थेट सिलिंडरमध्ये पेट्रोल फवारणाऱ्या इंजिनांत आणखी एक धोका असतो. तेलाचा एखादा थेंब किंवा कार्बनचा कण ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवतो, दाब अचानक कितीतरी पटींनी उसळतो आणि पिस्टनवरील रिंगांमधला भाग तुटतो. याला एलएसपीआय, म्हणजे कमी फेऱ्यांत मिश्रण अकाली पेटणे, म्हणतात. सामान्य नॉकिंगप्रमाणे (ठिणगीनंतर मिश्रणाचा काही भाग आपोआप स्फोटासारखा पेटणे) येथे ईसीयूला सावरण्यास वेळ मिळत नाही, कारण पहिलाच तडाखा पुरेसा असतो.

आता साखळीहून केरीमार्गे चोर्ला घाट चढणारी, चार माणसे आणि सामान भरलेली गाडी डोळ्यांपुढे आणावी. वळणातून बाहेर पडताना गिअर चौथा, आरपीएम १,५०० आणि पुढे ट्रक. अशा वेळी गिअर न बदलता अ‍ॅक्सिलरेटर तळापर्यंत दाबण्याचा मोह होतो, आणि नेमकी तीच सवय सोडावी लागते. दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरवर येऊन आरपीएम २,५०० च्या वर गेल्यावरच पूर्ण जोर मागावा. ऑटोमॅटिक गाडीत घाटापुरता स्पोर्ट किंवा मॅन्युअल मोड लावावा. मोलेहून अनमोड चढतानाही हेच लागू आहे. ट्यूनरलाही स्पष्ट सांगावे, की २,००० च्या खालचा टॉर्क मूळ गाडीपेक्षा फारसा वाढवू नये. गाडी थोडी कमी उसळली तरी चालेल. फोक्सवॅगन आणि स्कोडाच्या सात गिअरच्या, कोरड्या क्लचच्या डीएसजी (दोन क्लचच्या ऑटोमॅटिक) गिअरबॉक्सची क्षमता २५० न्यूटन मीटर टॉर्क इतकीच धरलेली आहे, हाही त्याच सल्ल्याला दुजोरा देणारा मुद्दा आहे.

हवेच्या तापमानाचा हिशेब किनाऱ्यावर विसरून चालत नाही. ३५ अंशांची हवा टर्बोने एक बार बूस्टपर्यंत दाबली, की ती साधारण १३० अंशांपर्यंत तापते आणि तिला थंड करण्याचे काम इंटरकूलरवर येऊन पडते. (दमट हवेमुळे नॉकिंग किंचित कमी होते हे खरे, पण त्या भरवशावर राहू नये.) पर्वरीच्या कोंडीत अर्धा तास रांगत आलेल्या गाडीचा इंटरकूलर स्वतःच तापलेला असतो, तेव्हा रस्ता मोकळा मिळताच शर्यत लावू नये, दोन-तीन किलोमीटर सौम्य चालवून त्याला वारा मिळू द्यावा. समुद्राजवळ राहणाऱ्यांनी इंटरकूलर आणि रेडिएटरच्या पातळ पत्र्या क्षाराने गंजल्या आहेत का, हे वर्षातून एकदा पाहून घ्यावे.

पेट्रोलबाबत नियम साधा आहे: मॅप ज्या ऑक्टेनसाठी (पेट्रोलच्या नॉकिंग टाळण्याच्या क्षमतेच्या आकड्यासाठी) लिहिला, त्याहून कमी ऑक्टेन टाकीत जाऊ नये. पूर्वी आपल्याकडे साधे पेट्रोल ९१ ऑक्टेनचे आणि प्रीमियम ९५ चे मिळत असे. मॅपला लागणाऱ्या ऑक्टेनहून कमी ऑक्टेनचे पेट्रोल भरण्याची वेळ आलीच, तर पुढील टाकी भरेपर्यंत पूर्ण अ‍ॅक्सिलरेटर देऊ नये. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलमध्ये त्याच हवेसाठी इंधन अधिक लागते; त्यामुळे इंधन पंप आणि इंजेक्टर आधीच मर्यादेवर चालत असतील, तर वरच्या फेऱ्यांत मिश्रण पातळ होण्याचा (हवेच्या मानाने इंधन कमी पडण्याचा) धोका असतो. ट्यूनरने मॅप कोणत्या इंधनावर तपासला, हे विचारूनच पैसे द्यावेत.

ऑइलवर काटकसर नको. कंपनीने मान्य केलेल्या दर्जाचे पूर्ण सिंथेटिक ऑइल घ्यावे. पेट्रोल गाडीसाठी त्यावर एपीआय एसपी हा दर्जा लिहिलेला असेल तर उत्तम, कारण तो एलएसपीआयची चाचणी धरून ठरवलेला आहे. कंपनी १५,००० किलोमीटर म्हणत असली तरी ट्यून केलेल्या गाडीत ७,००० च्या आसपास ऑइल बदलणे मला शहाणपणाचे वाटते. डिपस्टिक दर पंधरवड्याला पाहावी. सकाळी इंजिन गरम होईपर्यंत बूस्ट मागू नये आणि घाट चढून आल्यावर गाडी तडक बंद न करता शेवटचे एक-दोन किलोमीटर हळू चालवावी, म्हणजे टर्बोच्या बेअरिंगमध्ये ऑइल जळून त्याचा कोळसा होत नाही.

ओबीडीचे (गाडीच्या तपासणी सॉकेटला जोडायचे) एक स्वस्त उपकरण आणि मोबाइलवरील अ‍ॅप घेऊन महिन्यातून एकदा लॉग, म्हणजे इंजिनाच्या आकड्यांची नोंद, काढावा. क्षणभर इग्निशन दोन-तीन अंश मागे जाणे (नॉकिंग टाळण्यासाठी ईसीयूने ठिणगी उशिरा देणे) नेहमीचे असते. पण एकाच सिलिंडरचे इग्निशन वारंवार पाच-सहा अंश मागे जात असेल, तर त्या दिवसापासून मूळ मॅपवर परतावे आणि कारण शोधावे. डिझेल गाडीत याच्या जोडीला धूर पाहावा. काळा धूर हे ताकदीचे लक्षण मानले जाते, पण ते केवळ न जळलेले इंधन असते, आणि त्यासोबत वाढणारी उष्णता टर्बाइन व पिस्टन दोन्ही खाते.

कायद्याच्या अंगाने एवढे लक्षात ठेवावे, की नोंदणी पुस्तकातील तपशिलांशी विसंगत ठरणाऱ्या बदलांना मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ मनाई करते, ट्यूनिंगनंतर वॉरंटी नाकारली जाऊ शकते आणि विमा कंपनीला न कळवलेला बदल दाव्याच्या वेळी अडचणीचा ठरतो.

राहिला पाऊस. रीमॅपसोबत अनेकजण बंपरमागे खाली बसणारा उघडा एअर फिल्टर लावतात. तो कोरड्या प्रदेशात ठीक असेल. गोव्यात जून ते सप्टेंबर मूळ एअर बॉक्सच (फिल्टरची बंद पेटी) परत बसवावा, कारण तुंबलेल्या रस्त्यावर समोरच्या बसने उडवलेली एक लाटही इंजिनात पाणी नेण्यास पुरते. पाणी दबत नाही, त्यामुळे पिस्टन वर येताच रॉड वाकतो. पाण्यात गाडी बंद पडली तर पुन्हा स्टार्ट करून पाहू नये. ती ढकलून किंवा टो करून बाहेर काढावी आणि स्पार्क प्लग, डिझेल गाडीत ग्लो प्लग किंवा इंजेक्टर, काढून सिलिंडरमधील पाणी निघेपर्यंत किल्लीला हात लावू नये.